घाटाची वाट आणि उपनगरांची वस्ती

उपनगरी लोहमार्गाच्या इतिहासात वस्ती आधी व गाडी मागाहून, असा क्रम बहुधा गृहीत धरला जातो. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथे तो उलटा आढळतो. 1856 मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंत मार्ग उघडला, तो बोरघाट गाठण्यासाठी; दख्खनचा कापूस मुंबई बंदरात आणणे हे त्यामागील एक प्रमुख प्रयोजन होते. शके 982 मधील शिवालयाचे अंबरनाथ आणि बदलापूर ही केवळ वाटेवरची गावे होती. दुसऱ्या महायुद्धात कल्याणनजीक लष्करी छावण्या पडल्या. फाळणीनंतर तेथील बराकींत सिंधी निर्वासित उतरले आणि 1949 मध्ये त्या वसाहतीस उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. ‘कॅम्प नंबर 4’ असा पत्ता मात्र बोलीत टिकला. या निराधारांना मुंबईचा बाजार व रोजगार जवळचा झाला, तो गाडीमुळेच. तथापि कल्याणपर्यंत चार असलेले मार्ग पुढे दोनच राहिले. मेल, मालगाडी व लोकल यांना त्यांवरूनच वाट काढावी लागली. बदलापूरपर्यंतच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गास मंजुरी मिळाली, ती 2019 मध्ये. मालासाठी आखलेल्या वाटेवर माणसांचा हक्क फार उशिरा मान्य झाला, असाच याचा अर्थ होतो.