कन्सोल-समता
एकच व्हिडिओ गेम प्रतिस्पर्धी कन्सोलांवर चित्राची स्पष्टता, दर सेकंदाच्या फ्रेम व खेळातील सोयी यांबाबत सारखा चालणे. प्रोसेसर व मेमरी भिन्न असल्याने पूर्ण समता क्वचितच साधते. प्लेस्टेशन ४ ची चित्रक्षमता सु. १.८४, तर एक्सबॉक्स वनची सु. १.३१ टेराफ्लॉप, परिणामी ‘कॉल ऑफ ड्यूटी : घोस्ट्स’ (२०१३) पहिल्यावर १०८०, तर दुसऱ्यावर ७२० ओळींत चाले. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ (२०१४) मात्र दोन्हींवर ९०० ओळी व ३० फ्रेमवर ठेवल्याने सरस यंत्राला मुद्दाम रोखल्याचा आरोप झाला. गेमची प्रकाशक कंपनी युबिसॉफ्टने तो नाकारला. ‘बाल्डर्स गेट ३’ कमी क्षमतेच्या एक्सबॉक्स सिरीज एसवर विभाजित पडद्याच्या सोयीविना आला (२०२३).

महाराष्ट्रातील उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे. अनरिअल इंजिनवरील त्यांचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन व पीसीवर आला. हातात धरून खेळता येणाऱ्या स्विचची क्षमता इतर दोन कन्सोलांहून बरीच कमी आहे. असे अंतर भरून काढण्यासाठी सावल्या व पोत साधे करणे, गर्दीच्या दृश्यात चित्राची स्पष्टता आपोआप घटवून फ्रेमचा वेग राखणे, असे उपाय योजतात.