न मिळालेली प्राध्यापकी

जूनमध्ये फॉर्म १६ हातात पडला की महापेच्या आमच्या ऑफिसात जेवताना एकच चर्चा: जुनी करपद्धत की नवी? दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारे आम्ही, आयकराचं एक कलम वाचताना गडबडतो. अशा वेळी मला नानी पालखीवाला आठवतात.

१९२० साली मुंबईत जन्मलेल्या नानींना व्हायचं होतं प्राध्यापक. लहानपणी ते अडखळत बोलायचे, त्यावर त्यांनी जिद्दीने मात केली. सेंट झेवियर्समधून इंग्रजीत एम. ए. करून मुंबई विद्यापीठात लेक्चररच्या जागेसाठी अर्ज केला. जागा दुसऱ्याच उमेदवाराला मिळाली. तोवर बहुतेक ठिकाणचे प्रवेश बंद झाले होते, म्हणून ते गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात गेले.

पुढे सर जमशेदजी कांगांच्या चेंबरमध्ये वकिली सुरू झाली. १९५० मध्ये आयकर कायद्यावरचा जाडजूड ग्रंथ दोघांच्या नावाने निघाला. श्रेय सगळं नानींचं, हे खुद्द कांगांनी मान्य केलं. तेव्हा नानी अवघे तीस वर्षांचे होते. १९६१ मध्ये नवा कायदा आला, तरी ग्रंथाच्या आवृत्त्या निघतच राहिल्या.

१९७३ च्या केशवानंद भारती खटल्यामुळे त्यांचं नाव देशभर झालं. पण मला जास्त भावतात ती त्यांची बजेटवरची भाषणं. १९५८ मध्ये ग्रीन्स हॉटेलच्या छोट्या हॉलमध्ये ती सुरू झाली, आणि गर्दी वाढत गेली तशी ब्रेबॉर्न स्टेडियमपर्यंत पोचली. हातात कागद नाही, आकडे तोंडपाठ. १९७३-७४ मध्ये सर्वांत वरच्या उत्पन्नावर ९७.७५ टक्के कर होता, म्हणजे त्या टप्प्यातल्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात. असा कर माणसाला चोरीकडे ढकलतो, हे ते न थकता सांगत राहिले. आणि ते ऐकायला लोक स्टेडियम भरायचे!

मलाही शिकवायचं होतं. तासिका तत्त्वावरचं मानधन ऐकलं आणि नोकरी धरली. नकार मिळालेला प्रत्येकजण पालखीवाला होत नाही, हे मला कळतं. पण परवा नव्या ज्युनियरला टिश्यू पेपरवर स्लॅब काढून दाखवले. जेवण गार झालं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.