प्रारण आणि लसजन्य प्रतिकारशक्ती

देवगडचा हापूस अमेरिकेला पाठवायचा, तर त्याला गॅमा किरणांची किमान 400 ग्रे (ग्रे हे शोषलेल्या प्रारणाचे एकक) मात्रा द्यावी लागते. 2007 साली ही निर्यात खुली झाली तेव्हा आंबा लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रातून गेला. त्या मात्रेने कोयीतला भुंगा निकामी होतो. फळ किरणोत्सर्गी होत नाही. माणसाचे गणित निराळे. त्याच्या सर्वांगावर एकदम सुमारे 4 ग्रे मात्रा पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर बाधितांपैकी साधारण निम्मे 60 दिवसांत दगावतात, मुख्यतः संसर्गाने आणि रक्तस्रावाने.

यातला किती संसर्ग लसीने टळतो? लस प्रारणाआधी टोचली की नंतर, यावर जवळजवळ सगळे ठरते. 1908 साली बेंजामिन आणि स्लुका यांना क्ष-किरण दिलेल्या सशांमध्ये प्रतिपिंडे कमी तयार होताना आढळली. पुढे शिकागोच्या टालियाफेरो दांपत्याने हा प्रश्न बारकाईने तपासला. परक्या पदार्थाची पहिली ओळख पटवून घेणाऱ्या लसिकापेशी प्रारणाने चटकन मरतात. प्रतिपिंडे बनवण्याच्या कामाला लागलेल्या प्लाझ्मापेशी बऱ्याच चिवट असतात. म्हणून पूर्वी घेतलेल्या धनुर्वाताच्या लसीचे संरक्षण एका रात्रीत पुसले जात नाही, पण किरणांनंतर एक-दोन दिवसांत टोचलेली नवी लस बहुधा वाया जाते.

आधी घेतलेली लसही सर्व संसर्गांना पुरत नाही. प्रारणानंतर रक्तात शिरणारे जंतू बरेचदा स्वतःच्याच आतड्यातले असतात आणि नेहमीच्या लसी त्यांच्यासाठी नसतात. 1950 च्या सुमारास मिलर आणि सहकाऱ्यांनी प्रारणित उंदरांना स्ट्रेप्टोमायसिन देऊन मृत्यू कमी केले. तेथे प्रतिजैविकाने जे साधले ते लसीला साधणारे नव्हते.

कर्करोगावरचे ‘शेक’ (किरणोपचार) घेण्यासाठी कोकणातले अनेक रुग्ण परळचे टाटा स्मारक रुग्णालय (1941) गाठतात. एकाच जागी दिलेल्या शेकाने सारी प्रतिकारशक्ती जात नाही. तरी निर्जीव लसी शक्यतो उपचारांच्या दोन आठवडे आधी द्याव्यात, असा प्रघात आहे. जिवंत लसी त्याहून आधी, उपचार चालू असताना मुळीच नाहीत. प्लीहा काढायची किंवा तिच्यावर किरण सोडायचे असतील, तर न्यूमोकोकसची लस विसरून चालत नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर मात्र बाळपणीच्या लसी पुन्हा पहिल्यापासून द्याव्या लागतात. निर्जीव लसी काही महिन्यांनी सुरू होतात. गोवरासारखी जिवंत लस साधारण दोन वर्षे थांबते, आणि तीही प्रतिकारशक्ती सावरली असेल तरच.

विजयदुर्गच्या उत्तरेस जैतापूर येथे अणुऊर्जा प्रकल्प प्रस्तावित आहे. अशा प्रकल्पात अपघात झाल्यास वाटल्या जाणाऱ्या आयोडीनच्या गोळ्या थायरॉइडपुरत्याच असतात. संसर्गाशी त्यांचा संबंध नाही.