जोड कुणाशी लागली?

57 किलोचा मल्ल महाराष्ट्र केसरी होऊ शकत नाही. केसरीचा गट 86 ते 125 किलोचा. त्याखालच्या गटांत पदकं मिळतात, मानाची गदा नाही. आणि स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा, कोल्हापुरात घडलेला मल्ल 57 किलोच्याच गटात लढला होता. गदांच्या यादीत थोर मल्ल शोधायला निघालं, तर खाशाबा जाधव सापडतच नाहीत. यादी खोटी नाही. एका स्पर्धेत, एका साली कोण जिंकलं एवढंच ती सांगते, आणि ते खरंच सांगते. पण मल्ल किती मोठा हे मोजायला कोल्हापूरजवळ गदेहून जुनं माप आहे: गड्याची जोड कुणाशी लागली, आणि त्याच्यामागे तालमीत काय उरलं. माझ्या मते आजही तेच माप धरायला हवं. फक्त त्याला लागलेली वजनाची खोट काढून.

हे माप आलं कुठून? 1902 साली शाहू महाराज युरोपात गेले, तिथली रोमन वर्तुळाकार प्रेक्षागृहं त्यांनी पाहिली, आणि 1912 मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं. मध्ये तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेल्या पायऱ्या. बांधणीच अशी, की शेवटच्या पायरीवरच्या माणसालाही पाठ मातीला लागलेली दिसावी. ही रचना केवळ सोयीची नव्हती. तिनं निकाल हजारो डोळ्यांपुढे आणून ठेवला. कुस्ती निकाली असे. गुण नाहीत, घड्याळ नाही. एकजण चितपट होईपर्यंत झुंज. मैदानाची सुरुवात पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी व्हायची आणि हलगीच्या कडकडाटात एकेक जोड चढत्या क्रमानं लागायची. अमक्याला तमक्याशी भिडवायचं हे वस्ताद ठरवत, आणि त्या ठरवण्यातच मल्लाची किंमत उघड व्हायची. तोडीचा गडी समोर आल्यावर हात आखडता घेणाऱ्याचं नाव मागे पडे. चीत होऊनही वर्षभरानं त्याच गड्याला पुन्हा जोड मागणाऱ्याचं वाढे. महाराष्ट्र केसरी 1961 पासूनचा आणि हिंदकेसरी त्याच्या दोन-तीन वर्षंच आधीचा. म्हणजे खासबाग बांधून झाल्यावर जवळपास अर्धं शतक मल्लांची थोरवी गदेवाचूनच ठरत होती. गदा मोजायची म्हटली, तर हे अर्धं शतक सरळ पुसून टाकावं लागेल.

यावर आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. किताब लिहून ठेवलेला असतो. जोडीची आठवण गावाच्या, तालमीच्या अभिमानानं फुगते. शिवाय मैदानांत नुरा कुस्त्याही झाल्या, आधी ठरवून बरोबरीत सोडवलेल्या. मग आठवणीवर विसंबायचं कसं? पण नुरा कुस्ती हा शब्द प्रेक्षकांच्या तोंडी रुळला, यातूनच दिसतं की पायऱ्यांवरचा माणूस फसवणूक ओळखत होता आणि त्याबद्दल मल्लाला माफ करत नव्हता. आणि नुसत्या आकड्यांनी तरी प्रश्न कुठे सुटतो? अमेरिकेत कूपर्सटाऊन या छोट्या गावात बेसबॉलच्या थोर खेळाडूंचं कीर्तिदालन आहे. तिथली पहिली निवड 1936 ची. निवृत्तीनंतर 5 वर्षं थांबायचं, मग क्रीडा पत्रकारांची 75 टक्के मतं मिळवायची. बेसबॉलइतक्या बारकाईनं आकडे जपणारा खेळ विरळा, तरीही निवडीच्या नियमांत सचोटी आणि चारित्र्य हे शब्द आहेत. पीट रोझच्या नावावर 4,256 हिट्स, कुणाहीपेक्षा जास्त. पण सट्ट्यापायी 1989 मध्ये बंदी आली आणि 2024 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते दार त्याला उघडलं नाही. तो निर्णय योग्य की कठोर, यावर तिकडे आजही वाद आहे. आकड्यांच्या त्या देशालाही आकडा पुरला नाही, एवढं इथे पुरे. मला त्यातली थांबण्याची अट विशेष पटते. लंगोट खुंटीला लागल्यावर काही वर्षं जाऊ दिली, की मल्लानं मागे काय ठेवलं ते दिसू लागतं.

आणि मागे ठेवण्याची जागा म्हणजे तालीम. कोल्हापूरचे म्हणून जे मल्ल आपण अभिमानानं सांगतो, त्यातले किती कोल्हापूर शहरात जन्मले? 1959 मध्ये दिल्लीत बंता सिंगला हरवून हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे सीमाभागातल्या एकसंब्याचे. 1960 चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. हिंदकेसरी दीनानाथ सिंह तर उत्तर प्रदेशातून आले आणि इथलेच झाले. जन्मगावाचा दाखला कुणी मागितला नाही; गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींतल्या कुठल्या मातीत घाम गाळला, एवढंच विचारलं गेलं. आंदळकरांकडे पाहिलं की हे माप पूर्ण लागू पडतं. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवलं, म्हणजे मातीतला गडी गादीवरही उतरला आणि टिकला. पुढे मोतीबागेत ते वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दादू चौगुले यांनी 1974 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणलं. एका गदेची चमक ती जिंकणाऱ्याबरोबर संपते. वस्तादानं शिकवलेला डाव दुसऱ्याच्या अंगात उतरतो आणि त्याच्याकडून तिसऱ्याच्या.

आता त्या मापातली खोट. मैदानाची शेवटची, सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती कायम अवजड मल्लांची. हलका गडी कितीही चपळ असो, त्याची जोड आधी उरकायची. प्रेक्षक पर्वतासारख्या देहांवर भाळत, आणि राजाश्रयानंही ते वेड जोपासलं. पुढे किताबांनी हीच सवय नियमात बसवली. म्हणूनच खाशाबांची कसोटी महत्त्वाची. ते मातीचे नव्हेत, गादीचे, असं म्हणून कुणी त्यांना बाजूला काढील. पण कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पोरगा मातीतच वाढला, ढाक हा डाव मातीतच शिकला, आणि 1948 मध्ये लंडनच्या गादीवर जवळपास नवखा असताना फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी, वरच्या वजनगटात, हेलसिंकीला कांस्य. जोडीचंच माप लावा: तिथे ते हरले ते सुवर्ण जिंकणाऱ्या जपानच्या इशीशी आणि सोव्हिएत मल्लाशी. याहून तोलाची जोड त्या वर्षी जगात कुठल्या हौद्यात लागली असती? तरी अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 चा, मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. पद्म पुरस्कार नाहीच. आणि चारित्र्य पाहायचं, तर हेलसिंकीच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर 7,000 रुपयांना गहाण टाकलं होतं. पदक घेऊन परतल्यावर खाशाबा पुन्हा कोल्हापूरच्या मातीत उतरले, कुस्त्या मारल्या, आणि त्यातून आलेल्या पैशांनी ते घर सोडवायला हातभार लावला.