सम्राटाने मागितले सैनिक, पोपने सुरू केलं धर्मयुद्ध. पहिल्या क्रुसेडची ठिणगी कशी पडली?

क्रुसेड म्हटलं की आठवतं जेरुसलेम. पण याची सुरुवात झाली कॉन्स्टँटिनोपलमधून, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधून आलेल्या मदतीच्या मागणीने.

१०७१ मध्ये मांझिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी बायझंटाइन सम्राटालाच कैद केलं. पुढच्या यादवीत साम्राज्याने आजच्या तुर्कस्तानातला बराचसा प्रदेश गमावला. मार्च १०९५ मध्ये सम्राट अलेक्सिअस कॉम्नेनसचे दूत इटलीतल्या पिआचेन्झाला पोप अर्बन दुसरा याच्याकडे पोहोचले. पश्चिमेकडचे सैनिक पगारावर ठेवणं सम्राटाला नवीन नव्हतं. आता त्याला आणखी कुमक हवी होती.

पोपची गणितं वेगळी होती. जर्मन सम्राटाने त्याच्याविरोधात दुसराच पोप उभा केला होता, पूर्वेकडचं चर्च दुरावलं होतं आणि फ्रान्समधले सरदार आपसातच लढत होते.

२७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथे अर्बनने आवाहन केलं. त्याचे नेमके शब्द कोणीच लिहून ठेवले नाहीत. आज फिरणारी भाषणं नंतर लिहिलेली आहेत. पण परिषदेचा ठराव माहीत आहे: मान किंवा पैशासाठी नव्हे, तर केवळ श्रद्धेने जेरुसलेमच्या मुक्तीसाठी जाणाऱ्याला हा प्रवासच सर्व पापांचं प्रायश्चित्त ठरेल.

खरी मेख इथेच आहे. जेमतेम तीस वर्षांपूर्वी, १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर, जिंकलेल्या नॉर्मन सैनिकांनाही मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्षाचं प्रायश्चित्त सांगितलं गेलं होतं. म्हणजे ज्या लढाईचं पाप फेडावं लागायचं, तीच आता पाप फेडण्याचा मार्ग झाली! नरकाची भीती रोजच्या जगण्यात असलेल्या सरदारांना हे किती मोठं वाटलं असेल? लोकांनी कपड्यांवर कापडी क्रॉस शिवले.

निघण्याची तारीख ठरली होती १५ ऑगस्ट १०९६. पण काही जमाव आधीच निघाले आणि त्यांचे पहिले बळी तुर्क नव्हतेच. मे महिन्यात ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्झ शहरांत ज्यूंची कत्तल झाली. माइन्झच्या आर्चबिशपने त्यांना आसरा दिला, पण तो त्यांना वाचवू शकला नाही.

त्याच उन्हाळ्यात पीटर द हर्मिटच्या मागे निघालेले हजारो लोक कॉन्स्टँटिनोपलच्या वेशीवर येऊन थडकले. सम्राटाने मागितली होती ती फौज ही नव्हे. त्याने त्यांना लगोलग बोस्फोरसपलीकडे पोहोचवलं. ऑक्टोबरमध्ये तुर्कांनी त्यातल्या बहुतेकांना कापून काढलं.