मूळ फाइलीला हात न लावता: टेख यूजर्स ग्रुपची वाटचाल

१९७७ साली डोनाल्ड नूथ यांच्या हाती त्यांच्या ग्रंथमालेतल्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. खिळ्यांची जुळणी मागे पडून फोटोटाइपसेटिंग आलं होतं आणि गणिताची पानं बेढब दिसत होती. स्टॅनफर्डच्या या प्राध्यापकांनी मग अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम स्वतःच लिहायला घेतला. तोच टेख. तो वापरणाऱ्यांची 'टेख यूजर्स ग्रुप' ही संघटना १९८० मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिचं 'टगबोट' हे नियतकालिक निघालं.

त्या काळी प्रत्येक विद्यापीठाचा संगणक वेगळ्या घडणीचा. त्यामुळे तयार प्रोग्रॅम पाठवून भागत नसे. फितीवरचा मूळ कोड आपापल्या यंत्रावर कंपाइल करावा लागे. १९८२ मध्ये नूथ यांनी टेख पास्कल भाषेत नव्याने लिहिला, तोही 'वेब' पद्धतीने. म्हणजे कोड आणि त्याचं विवेचन एकाच फाइलीत. त्यातून 'टँगल' पास्कलचा कोड काढतो आणि 'वीव्ह' वाचायची प्रत. यंत्रागणिक लागणारे फेरफार वेगळ्या 'चेंज फाइल'मध्ये लिहायचे, मूळ फाइल मात्र कोणी बदलायची नाही. संस्था टिकली ती या शिस्तीमुळे, असं मला ठामपणे वाटतं.

पुढे पास्कलचे कंपायलर मागे पडले, तेव्हा १९८७ मध्ये टोमास रोकिकी यांनी तोच कोड सी भाषेत उतरवण्याची वाट काढली. 'वेब-टू-सी' नावाने ती पुढे वाढली आणि कार्ल बेरी यांनी ती वर्षानुवर्षं सांभाळली. तेच नंतर संस्थेचे अध्यक्षही झाले. १९९६ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या टेख संघटनांच्या सहकार्याने 'टेख लाइव्ह' हा टेख आणि त्याच्या जोडीच्या प्रोग्रॅमांचा संच सीडीवर आला. सेबॅस्टियन राट्झ यांचे त्यामागचे कष्ट विसरता येणार नाहीत.

टेख लाइव्हचा सोर्स उतरवून 'बिल्ड' स्क्रिप्ट चालवली की सगळी परंपरा डोळ्यांपुढून जाते. टँगल स्वतःच वेबमध्ये लिहिलेला, म्हणजे टँगल घडवायलाही टँगलच हवा! म्हणून त्याची आधीच उलगडलेली पास्कल प्रत सोबत दिलेली असते. शेवटी 'ट्रिप टेस्ट': कोणी शहाणा माणूस लिहिणार नाही अशी आडवळणाची फाइल नूथ यांनीच रचली आहे. तिचा निकाल त्यांच्या नमुन्याशी जुळला, तरच त्या प्रोग्रॅमने टेख म्हणवून घ्यायचं.

२००२ मध्ये संस्थेचं वार्षिक संमेलन तिरुवनंतपुरमला भरलं. देवनागरीसाठी तेव्हा फ्रान्स वेल्थुइस यांचा प्रोग्रॅम होता. मजकूर रोमन अक्षरांत टाइप करून त्यातून गाळून घ्यावा लागे. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी झीटेख आणलं, २००७ पासून ते टेख लाइव्हमध्ये आहे. त्यात मराठी मजकूर थेट युनिकोडमध्ये लिहिता येतो. आज त्याच्यासोबत हार्फबझ ही लायब्ररीही कंपाइल होते आणि 'र्‍ह', 'क्ष' यांसारखी जोडाक्षरं तीच जुळवते.

नूथ यांनी मूळ टेखमधल्या चुका शेवटच्या तपासल्या २०२१ मध्ये. पुढची फेरी २०२९ ला ठरली आहे. तेव्हा काही बदललं तर चेंज फायली पुन्हा जुळवून पाहाव्या लागतील, आणि आपापल्या प्रणालीसाठी टेख लाइव्ह कंपाइल करून देणारे स्वयंसेवक ते काम हाती घेतील.