पेटे, दंडू आणि बडावणे

बंगळूरच्या चार दिशांना केंपेगौडाच्या घराण्याने उभारलेले चार बुरूज आजही दाखवले जातात : लालबागेतील खडकावर, केंपांबुधी तलावाच्या काठी, हलसूर तलावाजवळ आणि उत्तरेला मेखरी सर्कलच्या परिसरात. नगर एक दिवस येथवर वाढेल, अशी भविष्यवाणी त्यांच्याशी जोडलेली आहे. ती खरी ठरली म्हणावे, तर भविष्यवेत्त्याची नजर फारच आखूड होती असेही म्हणावे लागेल. कारण हे चारही बुरूज आता शहराच्या पोटात गडप झाले आहेत. राजवटी, लढाया आणि वास्तू यांच्या अंगाने या नगराचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. तथापि माणसे कोठे राहिली, पोटापाण्याच्या जागी कशी गेली आणि त्या जाण्यायेण्याचा भार कोणाच्या पदरी पडला, या अंगाने पाहू गेल्यास त्याच घटनांचा क्रम निराळा दिसू लागतो.

१५३७ मध्ये पहिल्या केंपेगौडाने वसवलेल्या नगराला कन्नडमध्ये ‘पेटे’ म्हणत. मराठीतील पेठेचे हे सख्खे भावंड. दोड्डपेटे आणि चिक्कपेटे हे दोन रस्ते एका चौकात छेदत आणि त्यांच्या भोवती व्यवसायांच्या गल्ल्या असत : अक्किपेटेत तांदूळ, बळेपेटेत बांगड्या, अरळेपेटेत कापूस, कुंभारपेटेत मडकी. खाली दुकान वा माग, वर किंवा मागे बिऱ्हाड. घर आणि काम यांच्यामध्ये एक जिना, फार तर एक अंगण. प्रवासखर्च नावाची बाब या माणसाच्या जमाखर्चात नव्हतीच. याच पेटेच्या शेजारच्या किल्ल्यात विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या १६३८ मधील विजयानंतर शहाजीराजांचा मुक्काम पडला आणि जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’तील बहुभाषिक दरबार येथे भरला. राजवाड्यांनी १९२२ मध्ये तो ग्रंथ संपादून छापल्यावर बंगळूरची ही ओळख मराठी वाचकाला नव्याने झाली. १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतले आणि पुढे, एकोजीने आधी ठरवलेल्या तीन लाख रुपयांच्या बोलीवर, ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. शहराच्या बऱ्या भागातील एखाद्या प्रशस्त घराची अनामत भरायलाही आज हे तीन लाख पुरतील की नाही, याची शंका आहे.

पेटेपासून दूर राहण्याची रीत बंगळूरला शिकवली ती लष्कराने. श्रीरंगपट्टणची हवा मानवेना म्हणून इंग्रजांनी १८०९ च्या सुमारास आपली छावणी बंगळूरला आणली आणि पेटेच्या ईशान्येस मोकळ्या माळावर ‘दंडू’ वसला. ऐसपैस आवार, मध्यभागी बंगला, मागे घोड्यांचा तबेला. प्रत्येकाचे अंतर प्रत्येकापासून राखलेले. ही रचना परवडायची तर दाराशी गाडीघोडा हवा आणि हाकेच्या अंतरावर नोकरचाकर हवेत. त्यामुळे दंडूच्या कडेलाच ब्लॅकपल्लीसारखी दाट वस्ती उभी राहिली, जिला पुढे शिवाजीनगर हे नाव मिळाले. साहेबाने घेतलेले अंतर आचाऱ्याला आणि भिस्त्याला घेता येत नव्हते, ही गोष्ट या नकाशात पहिल्या दिवसापासून लिहिलेली आहे. १८६२ मध्ये दोन्ही शहरांना दोन स्वतंत्र नगरपालिका मिळाल्या. १८६४ मध्ये जोलारपेट्टैहून आलेली रेल्वे दंडूच्याच स्टेशनात थांबली. १८७० मध्ये दोहोंच्या मध्ये कब्बन पार्क आखला गेला. आणि १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वोडेयरांना परत देताना दंडूचा भाग इंग्रजांनी आपल्याकडे ठेवला. ही दोन शहरे एका महापालिकेखाली यायला १९४९ साल उजाडावे लागले. मधल्या काळात या दोहोंना जोडण्याचे काम बव्हंशी जुटक्याने केले.

१८९८ च्या ऑगस्टमध्ये बंगळूरला प्लेग पोचला. दाटीवाटीची पेटे, जी कालपर्यंत सोयीची होती, ती एकाएकी मरणाची जागा वाटू लागली. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या नव्या वस्त्यांची आखणी आधीच सुरू झालेली होती. प्लेगाने तिला वेग दिला. रुंद सरळ रस्ते, घरांमधून वारा खेळेल इतके अंतर, मध्ये बगिचे आणि देवळे. आणि घरांच्या मागून भंग्यांसाठी अरुंद गल्ल्या, म्हणजे आरोग्याच्या या नव्या शास्त्राला सोवळ्याचे जुने शास्त्रही बिनबोभाट चालले. भूखंडही जातीजातींचे गट पाडून दिले गेले. सरकारी नोकर, वकील, शिक्षक, पेन्शनर येथे आले. ‘मालगुडी’ हे आर. के. नारायण यांच्या कादंबऱ्यांतील गावाचे नाव या दोन वस्त्यांच्या नावांतून जुळवले गेले, असा समज रूढ आहे. तो खरा असो वा नसो, मालगुडीचा संथपणा या रस्त्यांना शोभतो खरा.

मात्र या गोड आठवणींच्या मुळाशी एक रोकडी गोष्ट होती. पेटेपासून या वस्त्या तीन-चार मैलांच्या आतच होत्या. चालत किंवा सायकलवर कचेरी गाठता येई. हेसरघट्ट्याचे नळाचे पाणी १८९६ पर्यंत शहरात आले होते. शिवनसमुद्रच्या विजेवर रस्त्यांतील दिवे ५ ऑगस्ट १९०५ रोजी लागले. थोडक्यात, माणसे घरात स्थिरावतात न स्थिरावतात तोच पाणी, दिवा आणि रस्ता त्यांच्या दाराशी येत होते. बंगळूरच्या पुढील शंभर वर्षांत असे पुन्हा क्वचितच घडले.

मुंबईशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. विरारहून मुंबईला गाडी १८६७ मध्ये धावू लागली, तेव्हा विरारला शहरात जाणारे लोक असे कितीसे असतील! तेथे रूळ आधी पडले आणि वस्ती त्या रुळांच्या मागे गेली. म्हणून डोंबिवलीच्या कारकुनाला गर्दीत चेंगरावे लागले, तरी महिन्याच्या पासाचा आकडा त्याला आधी ठाऊक असे. बंगळूरहूनही रेल्वेचे फाटे निरनिराळ्या दिशांना जातात, पण त्यांवर उपनगरी सेवा अशी उभी राहिलीच नाही. ट्रामही कधी आली नाही. येथे वस्ती आधी गेली आणि वाहन मागून, पुष्कळदा एका पिढीनंतर.

ही पोकळी काही काळ कारखान्यांनी भरून काढली. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० मध्ये सुरू केलेला विमानांचा कारखाना पूर्वेला उभा राहिला. १९४८ मध्ये दूरवाणीनगरात टेलिफोनचा, १९५३ मध्ये जालहळ्ळीला एचएमटीचा आणि लगेच १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना आला. चाकरमान्यांच्या वसाहती, शाळा, दवाखाने आणि मुख्य म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या बसगाड्या, असा हा संसार होता. पाळीच्या वेळेला चौकात बस येई आणि पाळी सुटली की तेथेच आणून सोडी. अंतराचा खर्च मालकाच्या, म्हणजे अंती सरकारच्या, खात्यावर पडत असे. १९८०-८१ च्या हिवाळ्यात या सार्वजनिक कारखान्यांतील लाखाहून अधिक कामगार ७७ दिवस संपावर गेले, तेव्हा शहराच्या रोजच्या हालचालीचा केवढा हिस्सा या बसगाड्यांवर चालत होता हे लोकांच्या ध्यानी आले असणार. कंत्राटी मजूर, भाजीवाल्या, घरकामाच्या बाया मात्र या व्यवस्थेच्या बाहेरच होत्या.

त्यांच्यासाठी, आणि इतर सर्वांसाठी, होती ती बी.टी.एस. १९४० मध्ये खासगी कंपनी म्हणून सुरू झालेली शहराची बससेवा १९५६ मध्ये सरकारने ताब्यात घेतली आणि तिचे नाव बंगळूर ट्रान्सपोर्ट सर्व्हिस झाले. तिच्या आद्याक्षरांचा नागरिकांनी लावलेला अर्थ प्रसिद्ध आहे : ‘बिट्रे तिरुगि सिगोदिल्ल’, म्हणजे सुटली तर पुन्हा मिळायची नाही. आटलेल्या धर्मांबुधी तलावाच्या जागी उभ्या राहिलेल्या मॅजेस्टिकच्या स्थानकातून साऱ्या वाटा फुटत. एका उपनगरातून शेजारच्या उपनगरात जायचे तरी अनेकदा मॅजेस्टिकला वळसा घालून दोन तिकिटे फाडावी लागत. हनुमंतनगरात वाढलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या शिवाजीराव गायकवाड या तरुणाने १९७० च्या दशकाच्या आरंभी याच बी.टी.एस.मध्ये वाहकाची नोकरी केली. मद्रासला जाऊन तो रजनीकांत झाला, तेव्हा बंगळूरच्या बसप्रवाशांना पडद्यावरच्या नायकाच्या हाती तिकिटांचा गठ्ठा कल्पिणे मुळीच जड गेले नाही.

घराचा प्रश्न सोडवण्यासाठी १९४५ मध्ये नगर सुधारणा मंडळ आणि त्याच्या जागी १९७६ मध्ये विकास प्राधिकरण आले. १९४८ मध्ये जयनगरची पायाभरणी झाली, राजाजीनगर उभे राहिले, आणि ‘बडावणे’ म्हणजे आखलेली नवी वस्ती हा शब्द शहराच्या बोलीत रुजला. त्याचबरोबर एक स्वप्नही रुजले : तीस बाय चाळीस फुटांची ‘साइट’. मुंबईकराने खोलीचे स्वप्न पाहिले, पुणेकराने ब्लॉकचे; बंगळूरच्या मध्यमवर्गाने जमिनीचे पाहिले. पूर्वीच्या ‘वठारा’त, म्हणजे एका आवारात ओळीने असलेल्या बिऱ्हाडांत, ज्यांची उमर गेली त्यांना हे स्वप्न अधिकच प्रिय असावे. प्राधिकरणाकडे किती वेळा अर्ज केला यावरही अर्जदाराची ज्येष्ठता ठरे. तेव्हा नापसंत झालेला अर्ज हीसुद्धा जपून ठेवायची मिळकत झाली.

ज्यांना इतकी वाट पाहणे शक्य नव्हते, त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. एक, शहरात भाड्याने राहणे. म्हणजे परंपरेने दहा महिन्यांचे भाडे आगाऊ अनामत ठेवणे, अथवा ‘भोग्य’ पद्धतीने मोठी रक्कम एकदम देऊन मुदतीपुरते बिनभाड्याने राहणे. दुसरा, शहराबाहेर शेतजमिनीचे तुकडे पाडून विकली जाणारी ‘रेव्हेन्यू साइट’ घेणे. ही जागा स्वस्त असे, कारण तिच्या किमतीत काहीच धरलेले नसे : गटार नाही, नळ नाही, रस्ता नाही, बस नाही. हे सारे मालकाने पुढे हप्त्याहप्त्याने भरायचे. आधी विंधन विहीर, मग शोषखड्डा, मग पाण्याचा टँकर, आणि या सर्वांच्या आधी दुचाकी. पुण्याच्या आकुर्डीत तयार होणारी चेतक आणि १९८० पासून शेजारच्या होसूरहून येणारी टीव्हीएस ५० ही छोटी मोपेड यांनी बंगळूरच्या कडा जेवढ्या वाढवल्या, तेवढ्या कोणत्याही आराखड्याने वाढवल्या नसतील. अशा मिळकतींना पालिकेच्या दप्तरात पुढे ‘बी खाता’ मिळाला. कर भरायचा, पण मालकीचा पुरावा म्हणून तो कागद पुढे करायचा नाही. स्वस्त घराचा महागडा हिशेब याहून नेमका कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने मांडलेला नाही.

१९९० नंतर या व्यवस्थेची दिशाच उलटली. व्हाइटफील्ड हे गाव १८८२ मध्ये अँग्लो-इंडियन आणि युरेशियन कुटुंबांनी शहरापासून दूर, शेतीवर स्वावलंबी जगावे म्हणून डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने आणि म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर वसवले गेले. नोकरीच्या मोहापासून दूर नेण्यासाठी निवडलेल्या त्याच माळावर शतकानंतर संगणकक्षेत्रातील नोकऱ्यांचे मनोरे उभे राहिले. दक्षिणेला आर. के. बालिगा यांच्या कल्पनेतून १९७८ मध्ये ३३२ एकरांवर आखलेली इलेक्ट्रॉनिक्स सिटीही याच सुमारास गजबजली. आता काम उपनगरात आणि जुने घर शहरात, असा प्रकार झाला. मल्लेश्वरमचा नातू रोज उलट दिशेने, आजोबांच्या कचेरीच्या कितीतरी पट दूर जाऊ लागला. कारखान्यांच्या बसची जागा कंपन्यांच्या बसने आणि रात्रपाळीच्या मोटारींनी घेतली. डिसेंबर २००५ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीची गाडी घेऊन आलेल्या चालकाने हत्या केली, तेव्हा या प्रवासाची जोखीम कोणी उचलायची हा प्रश्न सगळ्या शहरापुढे उघडा पडला. आणि त्याच इमारती झाडणाऱ्या, त्यांच्या फाटकांवर उभ्या राहणाऱ्या माणसांसाठी तर मोटारही नव्हतीच.

२००७ मध्ये सात नगरपालिका, एक शहरपालिका आणि ११० खेडी शहरात सामील करून बृहत् महापालिका झाली. २०२५ मध्ये तीही जाऊन पाच महापालिका आल्या. सामील झालेल्या खेड्यांना कर त्वरित लागू झाला. पाणी तितके त्वरित आले नाही. कावेरीचे पाणी शंभर किलोमीटरवरून, सुमारे पाचशे मीटर वर चढवून, १९७४ पासून शहराला दिले जाते. या ११० खेड्यांसाठी आखलेला पाचवा टप्पा सुरू झाला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये विंधन विहिरी आटल्या आणि जिल्हा प्रशासनाला टँकरचे दर बांधून द्यावे लागले : पाच किलोमीटरच्या आत सहा हजार लिटरला ६०० रुपये, बारा हजार लिटरला १,००० रुपये, त्यापुढे दहा किलोमीटरपर्यंत ७५० आणि १,२००. पाण्यालाही अंतराचे भाडे पडते, हे एका सरकारी पत्रकात इतके उघडपणे बहुधा प्रथमच छापले गेले.

मेट्रोची पहिली गाडी २० ऑक्टोबर २०११ रोजी बय्यप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी रस्ता अशी धावली. व्हाइटफील्डला ती २०२३ मध्ये पोचली. जून २०२३ मध्ये राज्य सरकारने ‘शक्ती’ योजनेखाली साध्या बसमधून स्त्रियांचा प्रवास विनामूल्य केला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोचे कमाल भाडे ६० रुपयांवरून ९० रुपयांवर गेले. एकाच शहरात, दोन वर्षांच्या आत, अंतर एकीसाठी फुकट झाले आणि दुसरीसाठी दीडपट महाग. घरकाम करणाऱ्या बाईला यामुळे दोन थांबे पलीकडचे घर धरता येऊ लागले, हा बदल कोणत्याही उड्डाणपुलाहून लहान नव्हे. १४८ किलोमीटरच्या उपनगरी रेल्वेची पायाभरणी मात्र २०२२ मध्ये झाली, मुंबईच्या विरार गाडीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी.

१० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे उद्घाटन झाले. बसवनगुडी आणि जयनगर यांच्या सीमेवरील आर. व्ही. रोड स्थानकातून निघून तो इलेक्ट्रॉनिक्स सिटीमार्गे बोम्मसंद्रला जातो. प्लेगाच्या काळातील वस्ती आणि संगणकाच्या काळातील वस्ती १९ किलोमीटरच्या एका रुळाने जोडल्या गेल्या. इलेक्ट्रॉनिक्स सिटी आखली गेल्याला तेव्हा ४७ वर्षे झाली होती. आरंभी या मार्गाला तीनच गाड्या मिळाल्या. एक सुटली, की पुढचीसाठी फलाटावर पंचवीस मिनिटे उभे राहावे लागे.